संघप्रमुख भगिनींना खुलं पत्र : पत्रकावर भांड्यांची पाळीही छापा

सर्व धर्मसंघांच्या मदर जनरल, प्रोव्हिन्शिअल आणि पाचारण विभाग सांभाळणाऱ्या भगिनींना,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या प्रोव्हिन्शिअल, म्हणजे संघाच्या प्रांताच्या, ऑफिसातून मला निरोप आला. मुलींना संघात बोलावणारं नवं पाचारण-पत्रक छापायला जातंय, एक पान लिहून द्या. विषय ‘मला जीवनाचा हेतू कसा गवसला’. शब्द तीनशे. सोबत हसरा फोटो. मी लगेच कागद घेऊन बसले, कारण सत्तरीला टेकलेल्या सिस्टरकडे कोणी काही मागितलं की तिला बरं वाटतं. ‘बालपणापासून मला सेवेची ओढ होती’ असं पहिलं वाक्य लिहिलं आणि हात थांबला. बालपणी मला कसलीही ओढ नव्हती. मला पळायला आवडायचं, आणि शर्यतीत हरले की मी दोन दिवस कोणाशी बोलत नसे.

त्याच आठवड्यात आमच्या घरी ‘येऊन पाहा’ शिबिरासाठी पाच-सहा मुली आल्या होत्या. सत्रं झाली, स्लाइड झाल्या, आमच्या शाळांचे आणि दवाखान्यांचे फोटो दाखवून झाले. रात्री मी दिवे मालवत फिरत होते तर एक मुलगी जिन्यावर बसलेली दिसली. म्हणाली, ‘सिस्टर, एक विचारू? तुम्ही रात्री कोणाशी बोलता?’

‘रात्री आमचं मौन असतं,’ मी म्हटलं.

‘तसं नाही हो. म्हणजे, दिवस वाईट गेला तर?’

मी म्हटलं, ‘प्रभूशी.’ ते खोटं नव्हतं. पण मी ते फार पटकन म्हटलं, आणि तिनं ज्या सभ्यपणे मान डोलावली त्यावरून तिलाही ते कळलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पत्रकाचं पान मी लिहिलंच नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे. उघडपणे लिहिते, कारण माझ्या टेबलावर इतर संघांचीही सात-आठ पत्रकं पडली आहेत आणि त्यांच्यात नि आमच्यात फरक आहे तो झग्याच्या रंगाचा.

प्रत्येक पत्रकावर एक सिस्टर काहीतरी करते आहे. फळ्यापाशी उभी आहे, बाळाचं वजन करते आहे, एखाद्या आजीचा हात हातात घेऊन बसली आहे. खाली ओळ असते : ‘तुझ्या जीवनाला अर्थ हवा आहे?’ म्हणजे अर्थ कामात असतो, काम आमच्याकडे आहे, तर ये. मुलगी हुशार असेल तर विचारते, हे तर मी नर्स होऊनही करू शकते. तिचं बरोबर आहे. शिकवायला दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही व्रतं लागत नाहीत. माझ्यापेक्षा चांगलं गणित शिकवणाऱ्या दोघी माझ्याच शाळेत होत्या. एकीला तीन मुलं होती, दुसरीचा कुठल्याच देवावर विश्वास नव्हता. मुलांना दोघीही माझ्याहून जास्त आवडायच्या.

मी २९ वर्षं गणित शिकवलं, त्यातली शेवटची ९ मुख्याध्यापिका म्हणून. मग एका मे महिन्यात तीन ओळींचं ट्रान्सफर-पत्र आलं. वृद्ध भगिनींच्या घरी जायचं. काम, दार आणि फोन. आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं होतं, मी हो कळवलं. ‘आनंदानं’ हा शब्दही घातला, तो घालायचा प्रघात आहे म्हणून. वय ५८. गुडघे सोडले तर सगळं शाबूत. पहिले चार महिने रोज पावणेअकराला माझ्या डोक्यात मधल्या सुट्टीची घंटा वाजायची आणि मी खुर्चीतून अर्धी उठायची. बाकी वेळ दारावर कोणी येण्याची वाट पाहायची. कोणी येत नसे.

त्या घरात मी पूर्वी काय करत होते हे मला कोणीही विचारलं नाही. मला तो अपमान वाटला. पुढे कळलं की तिथे कोणीच कोणाला ते विचारत नाही. माझ्या समोरच्या खोलीतल्या सिस्टरनं आयुष्यभर बाळंतपणं केली होती. तिच्या शेजारची एके काळी मदर जनरलच्या कौन्सिलवर होती. तिच्या पलीकडची चाळीस वर्षं स्वयंपाकघरातच होती. तिघींची नावं जेवणानंतर टेबल पुसण्याच्या एकाच यादीत, एकाखाली एक. कौन्सिलवाली टेबल नीट पुसत नसे, आणि स्वयंपाकघरवाली तिच्यामागून येऊन तेच टेबल पुन्हा पुसायची. न बोलता. रोज.

चॅपेलमध्ये मला तिसरा बाक मिळाला, भिंतीकडची जागा. स्तोत्रं आपण दोन बाजूंनी म्हणतो हे तुम्हाला माहीत आहे, पण हे पत्र त्या मुलीनंही वाचावं असं मला वाटतं, म्हणून सांगते. एक कडवं या बाजूच्या बाकांनी म्हणायचं, पुढचं समोरच्या बाजूनं. ओळीच्या मध्ये तारकाचिन्ह असतं, तिथे थांबायचं. किती थांबायचं हे पुस्तकात नसतं. त्या घरात फार थांबायचे. मला शाळेची सवय, प्रार्थना आटोपून सव्वासातला निघायचंच. मी दुसरी अर्धी ओळ सुरू करायची आणि चॅपेलमध्ये माझा एकटीचाच आवाज. रोज दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी. कोणी मागे वळून पाहिलं नाही, कोणी सांगितलं नाही. दोनेक महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की पहिल्या बाकावरच्या एका सिस्टरची फुप्फुसं निकामी होत चालली होती. तिचा श्वास भरेपर्यंत सगळ्या थांबत होत्या. असं ठरवलं कोणी, कधी, हे मी नंतर विचारलं. कोणालाच आठवेना.

ती पुढच्या वर्षी गेली. आम्ही अजूनही तेवढंच थांबतो. नव्या येणाऱ्या भगिनी माझ्यासारख्याच पुढे पळतात.

माझा हेतू मला कुठे गवसला असं विचारत असाल तर माझ्याकडे दाखवायला एवढीच जागा आहे. शाळेत मी उपयोगी होते आणि ते मला फार आवडत होतं, त्याबद्दल लाज वाटत नाही. पण उपयोग माझ्याकडून काढून घेता येत होता. तीन ओळींत काढून घेतला गेला. पहिल्या बाकावरच्या श्वासासाठी थांबणं कोणत्याही ट्रान्सफर-पत्रात नव्हतं, आणि मला वाटतं व्रतं मी कशासाठी घेतली होती हे मला तिथे, साठीच्या उंबरठ्यावर, कळायला लागलं. प्रभू त्या घरात आहे की नाही हे मी मनन करून शोधत होते. मनन चालूच आहे. कोरडी वर्षं माझ्याही वाट्याला भरपूर आली. पण त्या थांबण्यात कोणीतरी होतं.

कामावरून स्वतःला ओळखायची सवय आपल्याला का लागली याचं कारण मला कळतं, आणि ते मानाचं आहे. बाहेर पडून काम करण्यासाठी आपल्या आधीच्या बायकांना शतकानुशतकं भांडावं लागलं. पोप बोनिफेस आठवे यांनी १२९८ मध्ये सर्व व्रतस्थ स्त्रियांना मठाच्या भिंतींआड राहण्याचा नियम केला. १६१० मध्ये फ्रान्सिस द सेल्स आणि जान द शांताल यांनी सुरू केलेल्या ‘व्हिझिटेशन’ संघातल्या भगिनी आजाऱ्यांना घरी जाऊन भेटत. आठ वर्षांत त्यांनाही बंदिस्त मठ पत्करावा लागला. इंग्लंडच्या मेरी वॉर्डनं भिंतीशिवायचा, मुलींना शिकवणारा संघ उभा केला, तो १६३१ मध्ये पोपच्या आज्ञापत्रानं बरखास्त झाला आणि तिला म्युनिकच्या एका मठात कोंडलं गेलं. तिथून ती लिंबाच्या रसानं पत्रं लिहायची, कागद शेकला की अक्षरं उमटायची. (माझ्या विद्यार्थिनींना मी मेरी वॉर्डबद्दल सांगितलं तेव्हा त्यांना धर्मसंघात रस नव्हता, लिंबात होता. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाच्या वह्या जळल्या होत्या.)

व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी शक्कल काढली. १६३३ मध्ये त्यांनी मुली जमवल्या, पण त्यांना मठवासिनी म्हणायचंच टाळलं. व्हिन्सेंटनं त्यांना सांगितलं की आजाऱ्यांची घरं हाच तुमचा मठ, भाड्याची खोली ही कोठडी, गावातलं चर्च हे चॅपेल आणि शहराचे रस्ते हेच आवार. त्या संघाच्या भगिनी आजही दरवर्षी नव्यानं व्रतं घेतात. आपल्यासारख्या कामकरी संघांना ख्रिस्तसभेनं खरोखरीच्या व्रतस्थ म्हणून कायद्यानं ओळखलं ते थेट १९०० मध्ये, पोप लिओ तेरावे यांच्या काळात. म्हणजे माझी आजी तेव्हा रांगत असेल. एवढ्या झगड्यानं मिळवलेलं काम आपण मिरवलं तर त्यात नवल नाही.

पण त्या भाड्याच्या खोलीत त्या मुली एकट्या राहत नव्हत्या, दोघी-तिघी राहत. रस्ता होता दिवसा. रात्री परत यायला कोणीतरी होतं. आपण पत्रकावर रस्ता छापतो आणि खोली गाळतो.

ती का गाळतो, हे मला ठाऊक आहे. आपण घाबरलो आहोत. १९७० च्या सुमारास जगात दहा लाखांच्या घरात धर्मभगिनी होत्या, आज सहा लाखांच्या आसपास आहेत. मोठमोठी घरं रिकामी पडतात, नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या तयारीच्या टप्प्यात, दोन मुली आणि त्यांना शिकवायला चार सिस्टर. अशा वेळी आलेली मुलगी पळून जाऊ नये म्हणून आपण तिला चांगलं चांगलं दाखवतो. पाहुण्यांची खोली, पाहुण्यांची ताटं. संत बेनेडिक्ट सहाव्या शतकात नेमकं याच्या उलट सांगून गेले आहेत. त्यांच्या मठाच्या नियमावलीचं ५८ वं प्रकरण काढून पाहा : आलेल्याला सहज आत घेऊ नका, चार-पाच दिवस दारावर ठोठावत राहिला तर घ्या, आणि देवाकडे जाणारी वाट किती खडबडीत आहे ते त्याला आधीच सांगा. मग दोन महिन्यांनी पूर्ण नियम वाचून दाखवा, नंतर सहा महिन्यांनी पुन्हा, नंतर चार महिन्यांनी पुन्हा. जमत असेल तर राहा, नाहीतर जायला मोकळा आहेस. मला यात कठोरपणा दिसत नाही. समोरच्याला सज्ञान समजणं दिसतं.

ख्रिस्तसभेचा आजचा कायदाही घाई करायला सांगत नाही. नोव्हिशिएट किमान बारा महिने. मग तात्पुरती व्रतं किमान तीन वर्षं, साधारण सहापर्यंत, गरज पडली तर नऊ. अखेरची व्रतं एकवीस वर्षांच्या आत घेताच येत नाहीत. एवढा वेळ हातात असताना आपण मुलींना कोर्सेसना पाठवतो. समुपदेशनाचा कोर्स, संगणकाचा कोर्स, बायबलचा डिप्लोमा. दुसऱ्या बाईबरोबर एका छताखाली चाळीस वर्षं कसं राहायचं याचा तासच नाही.

त्याबाबत माझी स्वतःची तयारी काय होती ते सांगते. नोव्हिशिएटमध्ये आम्हाला शिकवलं की दोघींनी फिरायचं नाही, तिघींनी फिरायचं. ‘विशेष मैत्री’ हा शब्द इतक्या खालच्या आवाजात उच्चारला जाई की आम्हाला तो रोग वाटायचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाचा आदेश काढला तो १९६५ मध्ये; आमच्याकडे झगा आखूड झाला, पण तिघींनी फिरण्याचा नियम लांब टिकला. परिणाम असा झाला की आम्ही सर्वांवर सारखं प्रेम करायला शिकलो, म्हणजे कोणावरच फारसं नाही. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत मला कम्युनिटीत एकही मैत्रीण नव्हती आणि मी त्याला वैराग्य समजत होते.

आणि भांडण कसं करायचं हेही माहीत नव्हतं. एका घरात मी आणि एक सिस्टर अकरा महिने बोललो नाही. कारण सांगायची लाज वाटते, पण सांगते : ओट्याखालच्या कपाटाची किल्ली. ती कुठे टांगायची यावरून. किल्ली हे निमित्त होतं हे दोघींनाही माहीत होतं. तिला वाटे मी शाळेतून घरी येते ती पाहुणीसारखी. मला वाटे हिला घराबाहेरचं जग माहीत नाही. दोन्ही खरं होतं. या अकरा महिन्यांत आम्ही शेजारी शेजारी बसून ‘बंधूंनी ऐक्याने एकत्र राहणे किती चांगले, किती मनोरम’ हे स्तोत्र म्हणत होतो, प्रार्थनेच्या चार आठवड्यांच्या चक्रात ते येतंच. तोंडं दोघींचीही समोर.

मग माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. स्तोत्रांच्या पुस्तकाला पाच-सहा रंगांच्या फिती असतात. रोज आदल्या रात्री त्या योग्य पानांवर लावून ठेवाव्या लागतात, नाहीतर सकाळी शोधाशोध होते. डोळ्यावर पट्टी असल्यानं मला ते जमेना. दुसऱ्या दिवशी बाकावर गेले, पुस्तक उघडलं, तर फिती लावलेल्या. लाल स्तोत्रांवर, हिरवी वाचनावर, पिवळी रात्रीच्या प्रार्थनेवर. माझी पद्धत वेगळी होती, माझी हिरवी स्तोत्रांवर असायची. त्यामुळे कोणी लावल्या ते मला लगेच कळलं; स्तोत्रांवर लाल फक्त तीच लावायची. पट्टी निघेपर्यंत रोज फिती लागत होत्या. तिनं कधी उल्लेख केला नाही, मीही नाही. पट्टी निघाल्यावर मी एवढंच केलं की किल्ली तिला हव्या त्या खिळ्यावर टांगली. आजही माझी लाल फीत स्तोत्रांवर असते.

बाळ येशूच्या संत तेरेझाला आपण गुलाबांच्या पाकळ्यांत बसवलं आहे. पंधराव्या वर्षी मठात गेली, चोविसाव्या वर्षी क्षयानं वारली. पण मठातल्या धोबीघाटावर शेजारची भगिनी कपडे आपटताना घाण पाणी तिच्या तोंडावर उडवायची आणि ती मागे न सरकता तिथेच उभी राहायला शिकली, हे पत्रकावर छापा की. मुलींना ते कळेल. प्रत्येकीच्या घरी कोणीतरी पाणी उडवणारं असतंच.

आता थोडं तुमच्याकडे बोट दाखवते. वय झालं आहे, ट्रान्सफर करून कुठे करणार.

पहिलं, पैशाचं. दारिद्र्याचं व्रत मी मनापासून घेतलं. कायद्यानुसार अखेरच्या व्रतांआधी मृत्युपत्र करावं लागतं, तेव्हा माझ्या नावावर काहीही नव्हतं. ‘वडिलांनी दिलेलं घड्याळ संघाला’ असं लिहून सही केली होती. ते घड्याळ पुढच्याच महिन्यात बंद पडलं. मिळवलेला पगार संघाचा, गरजा संघ भागवणार, हे मला मान्य आहे, आजही सुटसुटीत वाटतं. पण वयाच्या ५२ व्या वर्षी, हजारभर मुलांची शाळा चालवत असताना, चपलांसाठी मला लेखी अर्ज करावा लागला आणि घराच्या प्रमुख सुपिरिअरनं जुन्या चपला आणून दाखवायला सांगितल्या. मी दाखवल्या. तिनं तळ पाहिला. त्याला दारिद्र्य म्हणू नका. गरीब बाई स्वतःच्या पैशाचा हिशेब स्वतः करते, आणि फार बारकाईनं करते. एकत्र थैली असणं याचा अर्थ थैलीत किती आहे हे सगळ्यांना ठाऊक असणं. आमच्या आताच्या घरात महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेब मोठ्यानं वाचला जातो. तेव्हापासून चपलांचं भांडण झालेलं नाही. उलट वीज बिलावरून सगळ्या मिळून भांडतो.

दुसरं, जाणाऱ्यांचं. माझ्या बरोबरीची एक होती. नऊ वर्षं आम्ही एकत्र. माझ्या आयुष्यातली पहिली मैत्रीण म्हणाल तर तीच, तिशीत मिळालेली. अखेरच्या व्रतांच्या तोंडावर तिला कळलं की हे तिचं नाही. नीट विचार करून, प्रार्थना करून, सल्ला घेऊन तिनं ठरवलं. आणि तिला पहाटे पाचला, मागच्या दारानं, नव्यानं शिवलेल्या बेंगरूळ ड्रेसमध्ये पाठवण्यात आलं. आम्हाला नाश्त्याला कळलं. तिची खुर्ची त्याच दिवशी हलवली, नावाचा उल्लेख नको अशी सूचना आली. का? लाज कोणाची होती? कायद्याचं ७०२ वं कलम म्हणतं की सोडून जाणारीला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की संघानं तिच्याशी न्यायानं आणि शुभवर्तमानाला शोभेल अशा प्रेमानं वागावं. पहिला भाग आपल्याला तोंडपाठ आहे.

तिचा पत्ता मला चौदा वर्षांनी मिळाला. आता आम्ही दर रविवारी फोनवर बोलतो. तिला दोन मुलगे आहेत आणि दोघांनाही ती आमच्या नोव्हिशिएटच्या गोष्टी सांगून हसवते. ती आजही माझ्या कम्युनिटीत आहे असं मी धरते, कोणत्या कलमाखाली ते मला माहीत नाही. ज्या घरातून पुढच्या दारानं जाता येतं त्याच घरात माणूस निर्धास्त राहतो. जाणाऱ्या मुलीला निरोपाचं जेवण द्या, चॅपेलमध्ये तिच्यासाठी प्रार्थना करा, तिच्या पहिल्या काही महिन्यांच्या भाड्याची सोय करा. राहणाऱ्या मुली ते पाहत असतात.

ब्रह्मचर्याबद्दल कोणी विचारत नाही, तेही मीच सांगते. पत्रकात ‘अविभाजित अंतःकरण’ वगैरे असतं. मला चाळीस ते पंचेचाळीस या वयात रस्त्यावरच्या बाळांकडे बघवत नसे. ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण वाटलं, हे फक्त मलाच होतंय. साठीनंतर, भाजी निवडताना, बाळंतपणं करणाऱ्या सिस्टरनं सहज म्हटलं की एके काळी दर बाळंतपणानंतर ती स्टोअररूममध्ये जाऊन पाच मिनिटं उभी राहायची. मग टेबलाभोवतीच्या आणखी दोघी बोलल्या. वीस वर्षांपूर्वी हे एकमेकींना सांगितलं असतं तर किती हलकं झालं असतं. दुःख गेलं असतं असं नाही. पण त्या वयाच्या भगिनींना आज मी स्वतःहून विचारते, आणि एकदोघी रडतात, आणि मग आम्ही भाजी निवडतो.

जिन्यावरच्या त्या मुलीला मी आता उत्तर देऊ शकते. वाईट दिवस गेला की रात्री मी शेजारच्या खोलीचं दार वाजवते. मौन असतं, मोडते. ती फिती लावणारी सिस्टर आता माझ्या शेजारच्या खोलीत आहे, तिचीही इथे ट्रान्सफर झाली. आम्ही फार बोलत नाही. ती पलंगाच्या कडेला सरकते, मी बसते. कधी ती आपलं काही सांगते, बहुधा गुडघ्यांबद्दल. मग मी माझ्या खोलीत येते आणि प्रभूला जे सांगायचं ते सांगते, आणि त्या वेळी ते पटकन दिलेलं उत्तर राहत नाही.

पत्रकासाठी मजकूर हवाच असेल तर यातलं काहीही घ्या, नाव घालू नका. फोटोच्या जागी आमच्या भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ता छापा : कोण कधी भांडी घासतं, कोण कोणाला दवाखान्यात नेतं, रात्री आजाऱ्याजवळ कोण. त्यात खाडाखोड खूप आहे, छापताना पुसू नका.

ती मुलगी पुढच्या महिन्यात दुसऱ्यांदा येते आहे, या वेळी पंधरा दिवसांसाठी, एकटीच. ऑफिसकडून तिच्यासाठी पाहुण्यांची खोली आणि सत्रांचं वेळापत्रक आलं आहे. मी खोली बदलून वरच्या मजल्यावरची दिली आहे, आमच्या रांगेतली. सत्रांपैकी निम्मी काढली आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीच्या भांड्यांवर तिचं नाव लावलं आहे, कौन्सिलवाल्या सिस्टरबरोबर. हरकत असेल तर कळवावं, पण कृपया ती यायच्या आधी.

आपली,
तिसऱ्या बाकावरची एक भगिनी